नव्या यंत्राआधी खोली आणि माणूस तयार हवा

मा. संपादक महोदय,

सप्रेम नमस्कार.

विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात रेणूंचे वर्णपट काढणारे नवे यंत्र येणार, ही बातमी आपल्या अंकात वाचली आणि मनापासून आनंद झाला. कात्रण काढून ठेवले आहे. बातमीत यंत्र ‘अत्याधुनिक’ असल्याचे दोनतीनदा आले आहे. पण ते नेमके कोणत्या प्रकारचे आहे, कोणत्या खोलीत बसणार आहे आणि रोज सकाळी ते सुरू कोण करणार आहे, याची एक ओळही त्यात नाही. माझी सगळी नोकरी याच प्रश्नांच्या आसपास गेली, म्हणून लिहिते आहे. पत्र लांबणार आहे. जमेल तेवढे छापावे.

मी प्राध्यापक नाही. एका विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागात मी २७ वर्षे प्रयोगशाळेत काम केले. त्यातली २४ वर्षे अवरक्त वर्णपटमापकावर, म्हणजे आम्ही ज्याला नुसते ‘आयआर’ म्हणतो त्या यंत्रावर गेली. विद्यार्थी चिमूटभर पावडर कागदाच्या पुडीत किंवा छोट्या बाटलीत घालून आणायचे आणि विचारायचे, “मॅडम, माझे झाले का बघा ना.” त्यांचे ‘झाले’ म्हणजे हवा होता तोच पदार्थ तयार झाला का. चार महिन्यांच्या कामाचा कौल त्या एका आलेखावर असायचा. तो आलेख बघताना त्यांचे चेहरे मी पाहिले आहेत. यंत्राविषयी मला जी काळजी वाटते ती तिथून आलेली आहे.

ज्यांचा रसायनशास्त्राशी संबंध नाही त्या वाचकांसाठी थोडे सांगते. रेणूतले अणू एकमेकांना खिळ्याने ठोकलेले नसतात. स्प्रिंगने जोडल्यासारखे ते सतत थरथरत असतात आणि प्रत्येक प्रकारच्या बंधाची थरथरण्याची आपली एक ठरलेली गती असते. पदार्थातून अवरक्त किरण सोडले की ज्या बंधाची गती जुळते तो बंध तेवढाच भाग पिऊन टाकतो. कार्बन-ऑक्सिजनचा दुहेरी बंध असेल तर १७०० च्या आसपास खोल दरी पडते. हायड्रॉक्सिल (ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी) असेल तर ३२०० ते ३६०० च्या पट्ट्यात रुंद, पसरट झोळी येते. नायट्राइल (कार्बन-नायट्रोजनचा तिहेरी बंध) असेल तर २२५० च्या जवळ बारीक सुईसारखी रेघ. (हे आकडे लहरसंख्येचे, एका सेंटिमीटरमध्ये किती लहरी मावतात त्याचे.) १५०० च्या खाली मात्र नुसती गर्दी असते, पण ती गर्दी प्रत्येक पदार्थाची वेगळी, बोटांच्या ठशांसारखी. दोन पदार्थ एकच आहेत का, हे तिथे कळते.

या किरणांचा पत्ता लागला १८०० साली. विल्यम हर्शेल यांनी लोलकातून सूर्यप्रकाशाचा पट्टा पाडला आणि तांबड्या रंगाच्या पलीकडे, जिथे डोळ्याला काहीच दिसत नव्हते, तिथे तापमापी ठेवली. पारा चढला. पुढे १९०५ मध्ये विल्यम कोब्लेंट्झ यांनी शंभराहून अधिक पदार्थांचे अवरक्त वर्णपट प्रसिद्ध केले, एकेक बिंदू मोजून काढलेले. मी नोकरीला लागले तेव्हा आमच्याकडे पेनाने लांब कागदावर आलेख काढणारे यंत्र होते. एका सॅम्पलला पंधरा मिनिटे लागायची, आणि मध्येच पेनाची शाई अडली की पुन्हा पहिल्यापासून. नंतर एफटीआयआर आले. त्यात एक आरसा पुढे-मागे सरकतो, सगळ्या लहरींची माहिती एकदमच गोळा होते आणि फुरिए या गणितज्ञाच्या पद्धतीने संगणक ती उलगडून दाखवतो. एक फेरी सेकंदाभरात होते. १६ फेऱ्यांची सरासरी घेतली की खरखर चौपटीने कमी होते, ६४ घेतल्या की आठपटीने. पंधरा मिनिटांचे काम मिनिटावर आले, तेव्हा आम्ही सगळे त्या पडद्याभोवती उभे होतो, ते मला आजही आठवते.

यंत्र एवढे जलद झाल्यावर चालवायला माणूस कशाला, असे खरेदी करणाऱ्यांना वाटू लागते. बटण दाबले की आलेख येतो, विद्यार्थी स्वतःच काढतील, असे म्हटले जाते. विद्यार्थ्यांनी स्वतः काढावेत हे मलाही हवेच आहे, त्याबद्दल पुढे लिहिते. पण एक प्रसंग सांगितल्याशिवाय माझे म्हणणे कळणार नाही.

एक संशोधक विद्यार्थी होता. हुशार, कष्टाळू, रात्री उशिरापर्यंत थांबणारा. मी रजेवर असताना त्याने स्वतः आठ संयुगांचे स्पेक्ट्रम, म्हणजे वर्णपट, काढले होते. मी आल्यावर तो फाइल घेऊन आला. आठही आलेखांत २३५० च्या जवळ एक ठळक पीक होते (आलेख उलटा काढला की वर सांगितलेली दरी अशी टोकासारखी उभी दिसते, तिला आम्ही पीक म्हणतो), आणि त्याने तो नायट्राइलचा तिहेरी बंध मानून प्रकरणाची तीन पाने लिहिली होती. मार्गदर्शकांनाही आनंद झाला होता. मी आलेख बघितले आणि मला शंका आली. नायट्राइल इतक्या वर सहसा जात नाही, आणि त्या पिकाला शेंड्याशी खाच होती, दोन उंचवटे शेजारी शेजारी असल्यासारखी. मी त्याला काही न बोलता यंत्रापाशी नेले. सॅम्पलची जागा रिकामी ठेवून बॅकग्राउंड घेतले (म्हणजे नुसत्या हवेचा आलेख, जो यंत्र पुढच्या आलेखांतून वगळते), मग झाकण उघडून म्हटले, “आता आत एक लांब श्वास सोड.” त्याने सोडला. झाकण लावले, स्पेक्ट्रम काढला. सॅम्पल काहीच नव्हते, तरी पडद्यावर त्याचे ते पीक उभे राहिले, दोन उंचवट्यांसकट, पहिल्यापेक्षा मोठे. तो कार्बन डायऑक्साइड होता. त्याने सकाळी रिकाम्या खोलीत बॅकग्राउंड घेतले होते आणि दुपारी चारपाच मित्र भोवती उभे असताना त्याच बॅकग्राउंडवर आठही सॅम्पल काढली होती. तो बराच वेळ पडद्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, “मॅडम, म्हणजे माझी तीन पाने हवेतली.” आम्ही दोघांनी मिळून त्या संध्याकाळी आठही सॅम्पल पुन्हा काढली, प्रत्येकाआधी नवे बॅकग्राउंड घेऊन. नायट्राइल नव्हताच. अभिक्रिया अर्ध्यावर थांबत होती. ते कळल्यावर त्याने तापमान बदलून बघितले आणि दोन महिन्यांत त्याचे काम मार्गी लागले.

यंत्राने त्याला खोटे सांगितले नव्हते. किरणांच्या वाटेत जे होते ते त्याने दाखवले. किरणांच्या वाटेत काय काय येऊ शकते हे माहीत असलेले माणूस जवळ असावे लागते, इतकेच माझे म्हणणे आहे. पाण्याच्या वाफेमुळे १४०० ते १९०० च्या भागात आणि वर ३५०० ते ३९०० मध्ये बारीक काटेरी रेघांचे रान उगवते. सॅम्पल ज्यात मिसळून घोटतात ते पोटॅशियम ब्रोमाइड ओलसर असले की ३४०० जवळ हायड्रॉक्सिल नसताना हायड्रॉक्सिल दिसतो. पावडर नीट घोटली नाही तर बेसलाइन, म्हणजे आलेखाची पायाची रेघ, एका बाजूला उतरंडीसारखी कलते. हे सगळे पुस्तकात आहे. पण पुस्तक वाचलेल्याला आणि रोज बघणाऱ्याला ते सारख्याच चटकन दिसत नाही.

आता खोलीबद्दल, आणि इथे मला थोडे सविस्तर लिहू द्यावे.

बहुतेक आयआर यंत्रांच्या पोटात किरणांचे दोन भाग करणारी एक चकती असते, तिला बीमस्प्लिटर म्हणतात. ती पोटॅशियम ब्रोमाइडची असते आणि तिच्यावर जर्मेनियमचा पातळ थर असतो. काच चालत नाही, कारण काच या किरणांना अडवते. पोटॅशियम ब्रोमाइड त्यांना मोकळी वाट देते, पण ते मिठाच्या जातीचे आहे. हवेतला दमटपणा ओढून घेते आणि पाण्यात विरघळते. म्हणून यंत्राच्या आत ओलावा शोषणारे दाणे ठेवलेले असतात. आमच्या यंत्राला बाजूला एक छोटी खिडकी होती, तिच्यातून ते दाणे दिसायचे. निळे असले की ठीक, गुलाबी झाले की बदलायचे. मी रोज सकाळी पर्स ठेवायच्या आधी त्या खिडकीत डोकावायची. शिवाय यंत्र कधी बंद करायचे नाही. ते चालू असले की आतली ऊब ओलावा दूर ठेवते.

एका वर्षी ऐन दमट हवेच्या दिवसांत लांब सुट्टी आली. खबरदारी म्हणून इमारतीचा मुख्य वीजपुरवठा बंद करावा, असा निर्णय झाला. यंत्राची लाइन वेगळी ठेवावी, अशी चिठ्ठी मी दिली होती. ती कुणाच्या टेबलावर राहिली ते मला कधीच कळले नाही. १९ दिवसांनी मी कुलूप उघडले तेव्हा खोलीत कोंदट वास होता आणि भिंतीला हात लावला तर ओल लागत होती. खिडकीतले दाणे फिकट गुलाबी झाले होते. यंत्र सुरू केले, तासभर तापू दिले आणि सिग्नल बघितला. नेहमीच्या एक-तृतीयांशही नव्हता. दाणे बदलले, दोन दिवस चालू ठेवले, फरक पडला नाही. मग कंपनीच्या इंजिनिअरला बोलावले. त्याने झाकण काढून ती चकती उजेडात धरली. आरशावर तोंडाची वाफ सोडावी तशी ती पांढुरकी झाली होती. वाफ पुसता येते, ही पुसता येणार नव्हती. तिचा पृष्ठभागच विरघळून पुन्हा गोठला होता.

चकती नवी घ्यावी लागणार होती. यंत्राची हमी संपलेली, देखभालीचा करार नूतनीकरणाच्या फायलीत अडकलेला, आणि सुट्या भागांचा खर्च कोणत्या लेखाशीर्षात टाकायचा यावर पत्रव्यवहार सुरू झाला. यंत्र खरेदीसाठी पैसे होते, दुरुस्तीसाठी नव्हते. १४ महिने ते यंत्र प्लॅस्टिकच्या आवरणाखाली राहिले. विद्यार्थी आपली सॅम्पल डब्यात भरून दुसऱ्या संस्थांकडे पाठवायचे आणि पाचसहा आठवडे वाट बघायचे. ज्यांची संयुगे हवेत टिकत नाहीत त्यांना तर तीही सोय नव्हती. एका मुलीने शेवटी प्रबंधातला तो भागच वगळला. तिने मला प्रबंधाची प्रत आणून दिली, ती माझ्याकडे आहे. अनुक्रमणिकेत चौथ्या प्रकरणानंतरची ती रिकामी जागा फक्त तिला आणि मला दिसते.

म्हणून नवे यंत्र येण्याआधी खोली बघा, अशी माझी कळकळीची विनंती आहे. ओल नसलेली, शक्यतो वरच्या मजल्यावरची पण थरथर न होणारी, जवळ आम्लांचे कपाट नसलेली. वातानुकूलन रात्रीही चालू राहील असे, आर्द्रता मोजणारे साधे घड्याळ भिंतीवर, वीज गेली तर तग धरणारी यूपीएस आणि नीट तपासलेले अर्थिंग. यातले काहीच बातमीत येण्यासारखे नाही, पण यंत्राचे आयुष्य यावर ठरते. खोली तयार नसताना यंत्र येऊन लाकडी पेटीत पडून राहिले की हमीचे महिने पेटीतच सरतात. हेही मी पाहिलेले आहे.

यंत्र कोणते घ्यावे, याबद्दल अधिकारवाणीने बोलणारी मी कोण? पण खरेदीच्या बैठकांना सॅम्पलचे अनुभव सांगायला मला बोलावायचे, त्यामुळे काही गोष्टी जवळून पाहिल्या आहेत. सगळ्यात घोटाळा होतो तो कॅटलॉग समोर ठेवून स्पेसिफिकेशन लिहिण्यात. कॅटलॉगमध्ये रिझोल्यूशनचा, म्हणजे शेजारच्या दोन रेघा सुट्या दाखवण्याच्या क्षमतेचा, जितका बारीक आकडा असेल तितका टेंडरमध्ये टाकायचा, अशी एक सवय आहे. घन आणि द्रव पदार्थांच्या रोजच्या कामाला ४ प्रति सेंटिमीटर भरपूर होते, कारण त्यांची पिके मुळातच रुंद असतात. ०.५ लागते ते वायूंच्या बारीक रेघा सुट्या करायला. चारवरून अर्ध्यावर यायचे तर आतल्या आरशाला आठपट लांब सरकावे लागते, वेळ वाढतो, खरखर वाढते आणि किंमतही. वायूंवर काम करणारे कुणी विभागात असेल तर जरूर घ्यावे. नसेल तर तेच पैसे डायमंडच्या एटीआर जोडणीत घालावेत. तिच्यावर पावडरचा एक कण ठेवून वरून दाबला की काम होते, पेलेट (पोटॅशियम ब्रोमाइडमध्ये सॅम्पल घोटून दाबलेली टिकली) पाडायची गरज राहत नाही. तिच्यात किरण पदार्थात फार तर एकदोन मायक्रोमीटर शिरतात, त्यामुळे पिकांच्या उंचीचे आपसातले प्रमाण जुन्या पेलेटच्या आलेखापेक्षा वेगळे येते. संदर्भाच्या आलेखाशी तुलना करताना हे लक्षात ठेवायला विद्यार्थ्यांना सांगावे लागते.

येणारे यंत्र रामन वर्णपटाचे असेल तर मला आणखी आनंद होईल. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी के. एस. कृष्णन यांच्यासह कोलकात्यात १९२८ मध्ये रेणूवरून विखुरताना प्रकाशाचा रंग बदलण्याचा हा परिणाम शोधला आणि १९३० चे नोबेल रामन यांना मिळाले, हे शाळेतल्या मुलांनाही माहीत असते. पण तो पकडणे किती अवघड आहे हे क्वचितच सांगितले जाते. रेणूवर आदळून विखुरणाऱ्या प्रकाशातला कोटीत एखादा कण रंग बदलून येतो, आणि त्या एका कणावर सगळी भिस्त. पाण्यात विरघळलेल्या पदार्थांसाठी रामन फार सोयीचे, कारण पाणी आयआरमध्ये सगळे झाकून टाकते, रामनमध्ये ते जवळजवळ गप्प असते. मात्र इथे लेसर निवडताना स्वतःची सॅम्पल आधी डोळ्यांपुढे आणावीत. ५३२ नॅनोमीटरचा हिरवा लेसर घेतला की सिग्नल जोरदार मिळतो, पण रंगीत किंवा किंचित अशुद्ध सेंद्रिय पदार्थ त्या प्रकाशात स्वतःच चमकू लागतात, आणि त्या चमकेत पिके बुडून जातात. ७८५ चा लेसर घेतला तर चमक बरीच आटोक्यात येते, पण विखुरण्याची ताकद लहरीच्या लांबीच्या चौथ्या घाताने कमी होत असल्याने सिग्नल जवळजवळ पावणेपाच पट घटतो. अजैविक ऑक्साइडवर काम करणाऱ्याला एक परवडेल, रंगद्रव्यांवर काम करणाऱ्याला दुसरे.

यावर साधा उपाय आहे. टेंडर निघण्याआधी विभागातल्या प्रत्येक संशोधकाकडून त्याचे सगळ्यात त्रासदायक सॅम्पल मागवावे. काळे, चिकट, हवेत बिघडणारे, मिलिग्रॅमभरच असलेले, जे असेल ते. आणि प्रत्येक कंपनीला सांगावे की या दहा सॅम्पलचे स्पेक्ट्रम काढून दाखवा. कंपन्या प्रात्यक्षिकाला आपले सॅम्पल आणतात, आणि ते अर्थातच सुंदर आलेख देते. आमच्या वेळी एकदा एका तरुण प्राध्यापकांनी हट्टाने आपली काळी कार्बनयुक्त पावडर पुढे केली. दोन यंत्रांवर ती नुसती सपाट रेघ झाली, तिसऱ्यावर पिके दिसली. त्या एका पावडरीने ठरवले तेवढे कॅटलॉगच्या चाळीस पानांनी ठरवले नसते.

एनएमआर (प्रबळ चुंबकात ठेवून रेणूंची रचना ओळखणारे यंत्र) असेल तर सगळाच मामला निराळा. त्याचा चुंबक उणे २६९ अंशांच्या द्रव हेलियममध्ये बुडलेला असतो, बाहेरून द्रव नायट्रोजनचे वेढे. नायट्रोजन नियमाने भरावा लागतो, हेलियम काही महिन्यांनी, आणि हे चुकले तर चुंबक आपली अतिवाहकता (वीज विनाअडथळा वाहू देण्याचा गुण) गमावतो आणि सगळे हेलियम उकळून निघून जाते. त्याच्या पुरवठ्याची वर्षानुवर्षांची तरतूद आधी लेखी असल्याशिवाय ते घेऊच नये, एवढेच म्हणते. ते यंत्र मी चालवलेले नाही.

आलेख साठवण्याबद्दल एक गोष्ट फार मनाला लागलेली आहे. आमच्या यंत्राचा संगणक स्पेक्ट्रम कंपनीच्या स्वतःच्या फाइल-प्रकारात साठवायचा. ते फक्त त्याच सॉफ्टवेअरमध्ये उघडायचे, आणि ते सॉफ्टवेअर फक्त त्याच जुन्या संगणकावर चालायचे. ११ वर्षांनी तो संगणक एका सकाळी सुरूच झाला नाही. आत हजारो आलेख होते. प्रती काढून ठेवल्या होत्या, पण त्या उघडायला काही उरले नव्हते. जे कागदावर छापून माझ्या फायलींत लावलेले होते तेवढेच वाचले. वर्णपटांसाठी जेकॅम्प-डीएक्स नावाचा खुला फाइल-प्रकार १९८८ पासून आहे. तो साधा मजकूर असतो, कुठल्याही संगणकावर वाचता येतो. प्रत्येक आलेख त्या प्रकारातही आपोआप साठवला जाईल, अशी अट टेंडरमध्ये एका ओळीत घालता येते. सॉफ्टवेअरचा परवाना किती संगणकांवर चालेल आणि नवी आवृत्ती किती वर्षे मिळेल, हेही तिथेच लिहून घ्यावे. देखभालीचा करार हमी संपल्यानंतर निदान पाच वर्षांचा, खरेदीच्याच वेळी भाव ठरवून करावा, कारण नंतर भाव ठरवायला आपल्या हातात काही राहत नाही.

आता माणूस. यंत्र बसवायला कंपनीचा इंजिनिअर येतो आणि तीन दिवस प्रशिक्षण देतो. त्या प्रशिक्षणाला खुर्च्या भरतात त्या बहुतेक वरिष्ठांच्या. ते आदराने होते, मला मान्य आहे. पण पुढची पंधरा वर्षे जे हात यंत्राला लागणार आहेत ते त्या खोलीत मागे उभे असतात, किंवा तेव्हा नेमलेलेच नसतात. मी मागे उभी होते. वहीत लिहून घेतले, रात्री घरी जाऊन पक्के केले, आणि ती वही पुढे विभागाचे मॅन्युअल झाली. मी निवृत्त झाले त्याला आता काही वर्षे झाली. माझी जागा भरली गेली नाही. दर वर्षी एखादा नवा संशोधक विद्यार्थी तात्पुरता जबाबदार म्हणून नेमतात. तो शिकून तयार होतो तोवर त्याचा प्रबंध पूर्ण होतो आणि तो जातो. अधूनमधून फोन येतो, “मॅडम, बेसलाइन वर जातेय, काय करू?” मी फोनवर सांगते, तेही आनंदाने. पण फोनवरून मला खिडकीतल्या दाण्यांचा रंग दिसत नाही.

नव्या यंत्राच्या प्रस्तावात एका कायम तंत्रज्ञाच्या पदाची मागणी असायलाच हवी. ती व्यक्ती यंत्राच्या आधी नेमलेली असावी, म्हणजे पेटी उघडताना, बसवताना, पहिल्यांदा चूक होताना ती तिथे असेल. तिला वर्षातून एकदा दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन बघायची मुभा असावी. आणि तिने काढलेल्या, तपासलेल्या आलेखांवर शोधनिबंध उभा राहिला तर आभारात तिचे नाव यावे. २४ वर्षांत माझे नाव किती निबंधांत आले ते मी मोजलेले नाही. पण जिथे आले त्यातला प्रत्येक निबंध माझ्याकडे जपून ठेवलेला आहे, यावरून काय ते समजावे.

विद्यार्थ्यांबद्दल म्हटले होते. ‘यंत्राला हात लावू नये’ अशी पाटी मी कधी लावू दिली नाही. दुपारनंतरचे दोन तास पदव्युत्तर वर्गासाठी ठेवलेले असायचे. माझ्या देखरेखीखाली प्रत्येकाने निदान एकदा स्वतः पेलेट पाडायचा. एक-दोन मिलिग्रॅम सॅम्पल, दीडशे मिलिग्रॅम भट्टीत वाळवलेले पोटॅशियम ब्रोमाइड, अगेटच्या खलात मैद्यासारखे होईपर्यंत घोटायचे, डायमध्ये भरून प्रेसखाली आठ-दहा टनांचा दाब द्यायचा आणि दोन मिनिटे थांबायचे. पहिला पेलेट हमखास फुटतो किंवा दुधी होतो. दुसरा बरा होतो. तिसऱ्या वेळी डायमधून काचेसारखी पारदर्शक टिकली बाहेर येते, चिमट्यात धरून मुले ती खिडकीकडे नेतात, तिच्यातून बाहेरचे झाड बघतात. एटीआर आल्यावर हे करायची गरज उरणार नाही हे मला कळते. तरी एकदा करून बघू द्यावे. कुलूपबंद यंत्राने आलेख मिळतात, पण त्या मुलांतून पुढे यंत्र समजणारी माणसे तयार होत नाहीत.

आपल्या वृत्तपत्राला माझी एक विनंती आहे. यंत्राच्या उद्घाटनाची बातमी आपण छापालच, छायाचित्रासह. त्यानंतर बरोबर वर्षाने आपल्या वार्ताहरांना पुन्हा एकदा त्या खोलीत पाठवावे. त्यांनी लॉगबुक मागावे आणि चार गोष्टी विचाराव्यात: वर्षभरात यंत्र किती दिवस चालले, किती दिवस बंद होते आणि कशामुळे, किती सॅम्पल निघाली आणि त्यातली बाहेरच्या महाविद्यालयांची किती, खोलीची किल्ली कुणाकडे असते, आणि त्या व्यक्तीची नेमणूक कायम आहे का. लॉगबुक नीट ठेवलेले असेल तर ही उत्तरे दहा मिनिटांत मिळतील.

आणि विभागातल्या ज्या कुणाच्या हाती ते यंत्र येईल, त्या माझ्या न पाहिलेल्या सहकाऱ्यासाठी एवढेच. यंत्रासोबत पॉलिस्टायरीनची एक पातळ फिल्म पुठ्ठ्याच्या चौकटीत बसवून येते. बसवणूक पूर्ण झाली की पहिला स्पेक्ट्रम तिचा काढा. १६०१ चे पीक जागेवर आहे का बघा. आलेख कागदावर छापा, त्यावर तारीख आणि त्या दिवशीची खोलीतली आर्द्रता लिहा आणि यंत्रामागच्या भिंतीवर लावा. मग दर सोमवारी सकाळी तीच फिल्म, तितक्याच फेऱ्या, आणि नवा आलेख भिंतीवर पहिल्याच्या शेजारी. यंत्र थकू लागले की ते आधी तिथे दिसेल, सिग्नल हळूहळू उतरताना, कुणी तक्रार करायच्या कितीतरी आधी. पेलेट कसा पाडायचा हे दाखवायला कुणी हवे असेल तर संपादकांकडे माझा पत्ता आहे. मी येईन.

आपली विश्वासू,
एक निवृत्त प्रयोगशाळा तंत्रज्ञ
(नाव प्रसिद्ध करू नये, ही विनंती)